जहाजवाली आई

जहाजावर मी नेमकं काय काम करत होते, हे पिंपरी पेंढारमध्ये मला कधीच कुणाला धड पटवून देता आलं नाही. स्वयंपाकाला आहे म्हणाले असते तर पटलं असतं. नर्स आहे म्हणाले असते तर चार बायकांत मानही मिळाला असता. 'पोरं सांभाळते' म्हटलं की त्या एकमेकींकडे बघायच्या.

"कुणाची पोरं?"

"सुट्टीवर आलेल्या लोकांची."

"आन् त्यांचं आईबाप काय करत्यात तवर?"

"पोहतात, खातात, नाचतात, झोपा काढतात."

"मंग पोरं आणत्यात कशाला?"

ह्याचं उत्तर जहाजाच्या कंपनीकडेही नसावं. मी आपली विषय बदलायची.

ही दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. माझं माहेर येडगाव, धरणाच्या काठचं. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. जुन्नरला बारावी झाले, पुण्यात बालवाडीचा कोर्स केला आणि तिथेच एका मोठ्या हॉटेलात पाहुण्यांच्या मुलांची खोली सांभाळायला लागले. मग लग्न झालं आणि पिंपरी पेंढारला आले. घर चांगलं होतं. बागायत जमीन, टोमॅटो, कांदा, नवऱ्याची पिकअप रोज नारायणगावच्या मार्केटला. नवऱ्याला कसलं व्यसन नव्हतं, सासू छळत नव्हती, मोठी जाऊ तर लाखात एक. बाईने घर सोडून जायला जी कारणं लोकांना पटतात त्यांतलं एकही माझ्याकडे नव्हतं. मला घरात बसवत नव्हतं, एवढंच. दुपारी सगळं घर कलंडलं की मी ओट्यावर येरझाऱ्या घालायची. खरं ते सांगते.

मुलगी तीन वर्षांची झाली आणि हॉटेलातल्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. परदेशी जहाजावर मुलं सांभाळलेल्या बायका हव्या होत्या. मी घरात विषय काढला तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या.

"दुसऱ्याची पोरं राखायला समिंदरात जायचं? आन् घरचं पोर?"

"माझ्या दोघात तिसरं," जाऊ म्हणाली. "मला काय जड हाय?"

नवऱ्याने ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाला, "जाऊ द्या तिला. हितं राहिली तर आपल्यालाच खाईल." सगळे हसले. मीही हसले. आणि गेले.

जहाजावरचा मुलांचा क्लब म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन मोठ्या खोल्या. जाड गालिचा, रंगीबेरंगी खुर्च्या, न उघडणाऱ्या गोल खिडक्या, आणि मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर दाराची कडी. आईबाप सकाळी मुलं आणून सोडायचे आणि अंगावरचं ओझं उतरल्यासारखे निघून जायचे. त्यांना आम्ही एक पेजर द्यायचो. मुलाच्या मनगटावर पट्टी बांधायची. मूल परत द्यायचं ते ठरलेल्या माणसाला, ठरलेला परवलीचा शब्द सांगितल्यावरच. एकटीने एका मुलासोबत कधीही थांबायचं नाही, कायम दोघी. खोलीत शिरताना मोजायचं, बाहेर पडताना मोजायचं, मधेच वरिष्ठ बाई शिट्टी फुंकायची तेव्हा परत मोजायचं. ती बाई गोरी, उंच, आवाजाने अगदी आमच्या गावच्या पाटलीणबाई. तिचं एक म्हणणं होतं: सगळे बघताहेत असं वाटलं की समजा कुणीच बघत नाही. प्रत्येक मुलामागे एका बाईचं नाव असलंच पाहिजे.

एकदा एक धिप्पाड बाप पोहण्याच्या तलावावरून तसाच ओला आला. परवलीचा शब्द विसरला होता. आत पोरगा 'डॅडी, डॅडी' करत हात पसरून रडत होता, आंधळ्यालाही कळलं असतं की हा त्याचाच बाप. मी दिला नाही. त्याने मला तोंडाला येईल ते ऐकवलं. मी येडगावची, मनातल्या मनात सव्याज परत केलं, पण पोर दिलं नाही. शेवटी त्याची बायको आली तेव्हा सुटका झाली. संध्याकाळी वरिष्ठ बाईने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि मला त्या दिवशी आपण काहीतरी आहोत असं वाटलं. असं मला स्वयंपाकघरात कधी वाटलं नव्हतं.

जहाज बंदराला लागलं की मी कार्ड घेऊन फोनच्या खोक्यात शिरायची. पहिला प्रश्न ठरलेला.

"पोरीकडे कोण बघतंय?"

"आगं, सगळीच हायेत की," नवरा म्हणायचा.

ह्या 'सगळी'वर माझं टाळकंच फिरायचं. मग मी सुरू व्हायची. विहिरीला कठडा घाला. शेततळ्याकडे एकटी सोडू नका. कॅनॉलला पाणी सुटलं का? ट्रॅक्टर मागे घेताना बघत जा. उसात बिबट्या दिसला म्हणे, संध्याकाळी तिला अंगणात ठेवू नका. हजारो मैलांवरून मी त्या घरातल्या प्रत्येक धोक्यावर बोट ठेवायची. नवऱ्याने विहिरीला कठडा बांधला, मुकाट्याने. पण गावची रीत तो कुठून बदलणार? आमच्याकडे मूल एका घराचं नसतंच. सकाळी एका ओट्यावर, दुपारी दुसऱ्याच्या ताटात, डोळा लागला की तिसऱ्याच्या गोधडीत. हाक मारायची, उत्तर आलं नाही तर 'असंल तिकडंच' म्हणायचं आणि कामाला लागायचं. मीही तशीच वाढले होते. जहाजावर जाऊन आल्यावर मात्र मला ते बघवेना.

आठ महिन्यांच्या पहिल्या करारानंतर मी दोन महिने घरी होते. पोरगी तोवर जावेला 'आई' म्हणायला लागली होती, कारण जावेची मुलं म्हणायची. मला ती 'जहाजवाली आई' म्हणायची. सगळ्यांना ह्याची मोठी गंमत वाटायची, आल्यागेल्यापुढे तिच्याकडून वदवून घ्यायचे. दोन महिन्यांच्या शेवटी कुठे ती माझ्या पदराला धरून फिरायला लागली, तर माझी परत निघायची वेळ झाली. घरात सगळ्यांचं एकमत झालं की पोर झोपेत असतानाच निघ, म्हणजे रडणार नाही. आमच्याकडे असंच करतात. तिचे मिटलेले डोळे बघून मी पहाटे निघाले.

दुसऱ्या करारात ती फोनवर यायची बंद झाली. "लाजती," सासूबाई म्हणायच्या. मागून कुणीतरी "ये गं, जहाजवाली आई बोलती" असं म्हणताना ऐकू यायचं आणि पळणाऱ्या पायांचा आवाज यायचा. मी खोक्यातून बाहेर येऊन परत मोजायला लागायची, दुसऱ्यांची.

मे संपत आला तेव्हा दुसरा करार संपला. कल्याणहून एसटी धरली. माळशेज घाट उतरेपर्यंत... छे, कल्याणकडून येताना तो चढायचा असतो, इतकंही भान नव्हतं मला. ओतूर मागे पडलं तेव्हा मी उठून दारापाशीच जाऊन उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा. गाडीच्या आधी तुमी न्हाई पोचायच्या."

दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. आत पुरणाचा वास. जाऊ पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि कोपरांनीच मला मिठी मारली. मी तिच्या खांद्यावरून आत बघत होते.

"पोरगी कुठाय?"

"असंल की हितंच. आत्ता व्हती."

मी बॅग तशीच टाकली आणि निघाले. शेजारच्या घरी म्हणाले, "आमच्यात न्हाई आली आज, वरच्या आळीला असंल." वरच्या आळीत म्हणाले, "खालीच व्हती सकाळी, लाल फ्राक घालून." देवळामागे पोरं गोट्या खेळत होती, त्यांच्यात नव्हती. प्रत्येक घरात मला आधी 'कवा आलीस?', 'वाळलीस गं', 'चहा घे' हे ऐकावं लागत होतं. मी "पोरगी, पोरगी" करत पुढे पळत होते, आणि पाठीमागून लोक हसून म्हणत होते, "आल्या आल्या सुरू झाली!" विहिरीपाशी गेले. कठड्यावर ओणवून आत बघितलं. हिरवं पाणी स्वस्थ पडलं होतं. त्या स्वस्थ पाण्याचीच मला भीती वाटली. मग शेततळ्याकडे पळाले.

परत आले तेव्हा घरातल्यांचे चेहरे बदलले होते. थोरले दीर मोटारसायकल घेऊन कॅनॉलकडे गेले होते. जाऊ पिठाचे हात तसेच धरून आठवत होती.

"सकाळी मला इचारलं तिनं. मावशीसंगं जाऊ का म्हणली. मी म्हणलं जा."

मावशी म्हणजे तळेघरकडची एक बाई. उन्हाळ्यात टोमॅटोच्या कामाला डोंगरातली माणसं आमच्याकडे यायची, रानाच्या कडेला पालं ठोकून राहायची. आमची पोरगी रोज तिथे असायची, तिच्या पोरांत जेवायची. म्हणून जावेने मान वर न करता 'जा' म्हटलं होतं. आम्ही रानात धावलो. पालं उठली होती. चुलीचे दगड होते, आणि चिरगुटं. पाऊस तोंडावर आला, घरी जाऊन भाताचं रोप टाकायचं म्हणून ती माणसं त्याच सकाळी निघाली होती.

रस्त्यावरच्या टपरीवाल्याने शांतपणे सांगितलं, "जीपमधी व्हती की. त्या बाईच्या मांडीवर बसून बिस्कुट खात व्हती. मी टाटा बी केला. मला वाटलं तुमीच धाडली."

टपरीपाशी बसलेल्या आणखी दोघांनी तिला पाहिलं होतं. एकाने तर तिला जीपमध्ये उचलून चढवलं होतं, पायरी उंच होती म्हणून. ओळखीच्या बाईबरोबर ओळखीचं पोर चाललंय, त्यात विचारायचं काय?

मी घरी आले आणि जावेवर तुटून पडले. "जा म्हणालात तेव्हा कुठे ते विचारता आलं नाही? एक शब्द? कुठे, एवढं?"

"रोज जाती ती," जाऊ म्हणाली. "रोज जाती बया."

सासूबाई मधे पडल्या नाहीत. नवऱ्याने पिकअप दारात आणली होती. "बस गाडीत," तो म्हणाला.

नारायणगाव, मंचर, घोडेगाव. रस्ता संपत नव्हता. गाडीत टोमॅटोचा आंबूस वास होता आणि मागे रिकाम्या क्रेट एकमेकांवर आपटत होत्या. मी खिडकीची काच वर-खाली करत होते. काय काय मनात येत होतं ते लिहीत नाही. त्या बाईला मी कधी बघितलंही नव्हतं. कशी आहे, कोण आहे, पोर का नेलं, काही माहीत नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "चांगली हाय." जहाजावर असं उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती.

घोडेगावच्या पुढे तो एकदम म्हणाला, "तू तिकडं असतीस तर हे मी तुला फोनवर सांगितलं नसतं."

"म्हणजे?"

"म्हंजी, सापडल्यावर बी सांगितलं नसतं. तुला तिकडं जीवाला घोर नको म्हणून."

मी काच वर-खाली करायची थांबले. "आणखी काय काय सांगितलं नाही?"

त्याने समोर बघत सांगितलं. मधमाश्या चावल्या होत्या, तोंड सुजलं होतं. एकदा तापात फिट आली होती, नारायणगावला दवाखान्यात ठेवली होती. जाऊ तीन रात्री उशाशी बसली होती. त्याच दिवसांत मी फोन करून शेततळ्याला जाळी लावा म्हणून भांडत होते.

"आता परत कवा जायचं?" त्याने विचारलं.

"ऑगस्टात. हो म्हणून आलेय."

त्याने मान हलवली आणि गिअर टाकला. त्याला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

डिंभ्याच्या पुढे घाट लागला. तळेघरला विचारत विचारत एका वाडीच्या वाटेला लागलो, तिथे गाडी जाईना. खाचरांच्या बांधांवरून चालत गेलो. नवरा मागे राहिला, मी पुढे. ऊन कलतीला लागलं होतं. एका कुडाच्या घरापुढे सारवलेलं अंगण, त्यात चार पोरं पळसाच्या पानांवर करवंदं घेऊन बसलेली, आणि त्यातला एक फ्रॉक लाल. तोंड जांभळं, हात जांभळे, पायात काही नाही. हसत होती.

मी हाक मारली. नाव घेऊन, मोठ्याने, धावत.

तिने माझ्याकडे बघितलं. ओळखलं. ते मला स्पष्ट दिसलं, तिने मला ओळखलं. आणि किंचाळून ती घरातून बाहेर येणाऱ्या बाईच्या मागे जाऊन लपली.

बाई माझ्याच वयाची होती, काटक, कमरेला पदर खोचलेला. तिने एक हात मागे नेऊन पोरीला धरलं आणि दुसरा माझ्यासमोर आडवा केला.

"कोन तुमी?"

"मी हिची आई."

"हिची आई मला ठाव हाय. चुलीपाशी असती ती, पेंढारला." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मी अजून प्रवासातल्या पँटमध्येच होते. "तुमी न्हाय."

मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. अगदी खरं. मी हात पुढे केला तशी ती मागे सरली नाही, उलट एक पाऊल पुढे आली. तेवढ्यात नवरा पोचला.

"दादा, तुमी व्हय!" तिचा आवाज निवळला. "आवं, करवंदं खायाला येऊ का म्हनली. म्या म्हनलं, आईला इचारून ये. गेली, इचारून आली. दोन दिसांनी आमचा मानूस बाजाराला यायचा, तवा घेऊन आला असता. चुकलं काय?"

पोराने परवानगी मागितली होती, आईने दिली होती. कुठेच काही चुकलं नव्हतं. मी म्हणाले, "ये बाळा, घरी चल." एवढं म्हणताच लेकराने त्या बाईच्या लुगड्यात तोंड खुपसून जे रडायला सुरुवात केली, ते ऐकवेना.

"मला न्हाई जायचं जहाजावर! मला न्हाई जायचं!"

"कोण नेतंय तुला जहाजावर?" मी म्हणाले.

बाईने नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती जरा अवघडली. "घास गिळला न्हाय की म्हनत्यात न्हवं तिला. जेव, न्हायतर जहाजवाली आई येईल आन् जहाजात घालून नेईल. झोपली न्हाय तरी तेच. उद्या यायची, उद्या यायची, असं चाललं व्हतं काल. जीपमधी सांगितलं मला तिनं."

मी नवऱ्याकडे वळले. तो जमिनीकडे बघत होता.

"तुम्हीपण म्हणायचात?"

"सगळेच म्हणायचे," तो म्हणाला. "गमतीनं."

बाकीच्या घरांत पोरांना भ्या घालायला बुवा असतो, बिबट्या असतो, पोलीस असतो. आमच्या घरात मी होते. मी पाठवलेल्या बाहुल्या, खाऊ, फोटो, ते सगळं घेऊन मी त्या घरात रोज जेवायच्या वेळी येत होते आणि माझ्या पोरीला पळवून नेत होते. जावेनेही म्हटलं असेल. तिनेच जास्त वेळा म्हटलं असेल, कारण भरवायची ती. मला कुणाचा राग करावा ते कळेना. अंगात नुसती आग भडकली होती आणि टाकायला जागा नव्हती.

नवरा पुढे होऊन पोरीला उचलायला लागला. तिने पाय झाडले. "उचलतो. गाडीत होईल शांत," तो म्हणाला.

"नको," मी म्हणाले. "उचलून नाही न्यायची."

"मंग काय हितंच ठेवायची?"

"ऱ्हावा की दोन दिस," बाई म्हणाली. "जागा हाय. भात हाय."

नवऱ्याने मला बाजूला घेऊन समजावलं. घरी माझी जाऊ वाट बघत असेल, तिचा जीव टांगणीला लागला असेल, इथून फोन नाही. मी म्हणाले, तुम्ही जा, सापडली म्हणून सांगा, उद्या या. तो बांधावरून चालत गेला. पिकअपचा आवाज खाली उतरत गेला तसा पोरीच्या रडण्याचा आवाज कमी झाला.

क्लबमध्ये पहिल्या दिवशी रडणाऱ्या मुलाचं एक तंत्र असतं. त्याच्याकडे जायचं नाही. हाक मारायची नाही. 'घाबरू नको' तर मुळीच म्हणायचं नाही. थोडं लांब, जमिनीवर, तिरकं बसायचं आणि हाताला काहीतरी काम घ्यायचं. नजर द्यायची नाही. माझा त्यात हातखंडा होता, आडदांड पोरंसुद्धा माझ्यापाशी येऊन बसायची. मी अंगणाच्या कडेला बसले. बाई सुपात भाताचं बियाणं निवडत होती, मी न विचारताच तिने एक सूप माझ्याकडे सरकवलं. मी खडे वेचू लागले. शंभर परक्या पोरांवर वापरलेली युक्ती मी माझ्या पोटच्या पोरीवर करत होते, आणि खडे दिसत नव्हते, कारण डोळे भरून येत होते.

बराच वेळ गेला. आधी तिचे पाय दिसले. मग ते जवळ आले, थांबले, परत गेले, परत आले.

"तुझं जहाज कुठाय?"

"लांब. मुंबईच्या पलीकडे."

"हितं येतं का?"

"इथे कसं येईल? पाणी कुठे आहे?"

तिने हाताने खाली दाखवलं. डोंगराच्या फटीतून डिंभे धरणाच्या पाण्याचा तुकडा चमकत होता. "ते काय."

"तेवढं पाणी जहाजाला पुरत नाही."

तिने त्या पाण्याकडे नीट बघून घेतलं. खात्री पटायला वेळ लागला.

"तू परत जानार?"

मुलाचं रडू थांबवायला खोटं बोलायचं नाही, हा क्लबचा सगळ्यांत कडक नियम. 'आई आत्ता येईल' असं म्हटलं आणि ती आली नाही, तर ते मूल पुन्हा कुणाच्याच हाती लागत नाही. मला हे पाठ होतं. ऑगस्टाला हो म्हणून आले होते, तेही खरं होतं.

"नाही जाणार," मी म्हणाले. तोंडातून निघालं तेव्हा ते खरं की खोटं, मलाच माहीत नव्हतं.

ते खरं ठरलं. मी गेले नाही. त्या एका वाक्याने मला बांधून घातलं, आणि नंतर कित्येक दुपारी मी त्याच ओट्यावर येरझाऱ्या घातल्या, भांडी आपटली, नवऱ्याशी काहीही कारण नसताना भांडले. समुद्राची आठवण येत नाही असं मी आजही म्हणणार नाही. पण हे सगळं पुढचं.

त्या संध्याकाळी तिने बाईकडे वळून ओरडून सांगितलं, "मावशी, ही न्हाई जानार! हिला करवंदं दे."

बाईने पानभर करवंदं माझ्यापुढे ठेवली. मी खाल्ली. आंबट होती. पोरगी माझं तोंड जांभळं झालं का ते बघत उभी होती, हाताच्या अंतरावर, त्याहून जवळ नाही.

जेवणं झाली. बाईने अंगणात घोंगड्या आणून टाकल्या आणि पोरीला विचारलं, "ही कुटं झोपंल गं?"

पोरगी विचारात पडली. तिने आधी स्वतःची जागा बघितली, बाईच्या कुशीतली. मग माझ्याकडे बघितलं, आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडे बोट केलं.

"तिकडं. लांब."

मी घोंगडी उचलली आणि तिने दाखवलं तिथे नेऊन अंथरली.